बिनपाण्याची बेटे

परदेशाहून परतलेल्या माणसाला लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, 'काय आणलंत?' आणि दुसरा, 'काय पाहिलंत?' पहिल्याचे उत्तर चॉकलेटच्या पुडीने देता येते. दुसऱ्याची मात्र पंचाईत असते. आम्ही उभयता मध्यंतरी ग्रीसची बेटे पाहून आलो. माझ्या सत्तरीनिमित्त मुलांनी आम्हांला हा प्रवास घडवला होता. परत आल्यावर शेजारच्या काकूंनी पुडी पदराखाली ठेवली आणि दुसरा प्रश्न टाकला. मी आठवून आठवून सांगू लागलो, "निळं पाणी पाहिलं, पडके खांब पाहिले, जुना किल्ला पाहिला, एका गुहेत साधू राहत होता ती गुहा पाहिली."

काकूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे आपल्या नगरात आहे तेच की हो! पाणी तेवढं आपल्याकडे नाही."

या एका वाक्यावर मी पुढे कितीतरी दिवस विचार करीत होतो. विचार करायला कारणही तसेच होते. आमच्या चिरंजीवांचा फोन त्याच आठवड्यात आला होता. "अण्णा, आता दोघांनीही पुण्याला या. नगरचं घर विकून टाकू. तिथे आता ठेवलंय काय?" मुलगा प्रेमाने बोलत होता. आमचे घर जुने, जिना उभा आणि सौभाग्यवतीचे गुडघे कुरकुरणारे, हे सगळे त्याला ठाऊक आहे. पण 'तिथे ठेवलंय काय' हे शब्द मला बोचले. मी त्याला एवढेच म्हणालो, "दिवाळीला सगळे या. तीन दिवस मोकळे ठेवा. नगरात काय ठेवलंय ते दाखवतो, मग घराचं बोलू."

एक खुलासा आधीच करून टाकतो. २०२४ साली आमच्या जिल्ह्याचे आणि शहराचे नाव अहिल्यानगर झाले. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ साली याच जिल्ह्यातल्या चौंडीचा, तेव्हा नाव थोर आहे. पण जिभेला लागलेले वळण सहजी सुटत नाही. आम्ही जुनी माणसे 'नगर' म्हणतो आणि नगरच म्हणत राहू. दुसरे असे की आमच्या गावावरून माणसे पुष्कळ जातात, थांबत मात्र नाहीत. शिर्डीला जाणारे जातात, शिंगणापूरला जाणारे जातात. एस. टी. स्टँडवर चहा पितात आणि 'नगर लागलं, आता इतकं राहिलं' असा हिशेब करून पुढची गाडी धरतात.

तर दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, फराळाचे डबे घेऊन, आमची यात्रा निघाली. मुलगा, सूनबाई, दहा वर्षांचा नातू, सात वर्षांची नात आणि आम्ही दोघे. पहिला मुक्काम किल्ला.

ग्रीसमध्ये ऱ्होड्स नावाचे बेट आहे. तिथे ख्रिस्ती सरदारांच्या एका पंथाने दोनशे वर्षे राज्य केले आणि शहराभोवती प्रचंड तट बांधला. तटाखाली कोरडा खंदक आहे, त्यातून आज प्रवासी फेरफटका मारतात. १५२२ साली तुर्कांच्या सुलतान सुलेमानाने या बेटाला वेढा घातला. तो जवळजवळ सहा महिने चालला. तुर्क तटाखाली सुरुंग खणीत आणि आतला इटालियन इंजिनियर ताणलेल्या कातड्याला कान लावून खणण्याचा आवाज ऐके. गाईड हे सारे इतक्या रंगात येऊन सांगत होता, की आमच्या गटातल्या एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आले.

ती गोष्ट ऐकताना मला आमचा भुईकोट आठवत होता. अहमद निजामशहाने हे गाव वसवले. त्याचा नातू हुसेन निजामशहा याने १५५९ पासून तीनचार वर्षांत किल्ल्याचा दगडी तट उभा केला. सपाट माळावर वाटोळा तट आणि भोवती खोल खंदक. खंदकात पाणी असताना हे बेटच होते. १५९५ च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा मुराद याने वेढा घातला. इथेही सुरुंग खणले गेले. मोगलांच्या छावणीतल्याच एका माणसाने आत बातमी पोचवली. आतल्यांनी दोन सुरुंग शोधून निकामी केले, तिसरा मात्र उडाला आणि तटाला भगदाड पडले. चाँदबिबी हाती तलवार घेऊन त्या भगदाडात उभी राहिली आणि रातोरात ते बुजवून घेतले. शिसे संपले तेव्हा तिने तोफांतून तांब्याची, मग चांदीची, शेवटी सोन्याची नाणी डागली, अशी दंतकथा आहे. शेवटी वऱ्हाड देऊन तह झाला. पुढे १६०० साली आपल्याच माणसांनी तिला मारले आणि किल्ला मोगलांच्या हाती गेला.

मी हे सांगत असताना नातवाने विचारले, "आजोबा, आपल्याच माणसांनी का मारलं?"

ऱ्होड्सच्या गाईडला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "ती मोगलांशी तहाचं बोलणं करते आहे, म्हणजे फितूर झाली, अशी बोंब उठली म्हणून." नातू बराच वेळ गप्प होता.

किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे. दारावर ओळखपत्र दाखवून नोंद करावी लागते. आत नेत्यांची बराक जपून ठेवली आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीची मंडळी पकडून येथे आणली. नेहरू, वल्लभभाई, मौलाना आझाद, पंत, नरेंद्र देव, कृपलानी, आपले शंकरराव देव. एकंदर बारा माणसे. नेहरूंनी १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिले. मौलानांच्या 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रेही इथलीच. त्यांच्या पत्नी १९४३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याला वारल्या, तेव्हा ते याच भिंतींच्या आत होते. नेहरू रिकाम्या वेळी बराकीसमोर बागेसाठी जमीन खणीत, तेव्हा कुदळीला जुन्या इमारतींचे दगड लागत. सूनबाई त्या खोल्यांसमोर थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "अण्णा, हे शाळेत शिकलो होतो. पण 'अहमदनगरचा तुरुंग' म्हणजे आपलं नगर, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं."

इथे एक गुण मांडून मी पुढे निघालो. वाटेत रणगाड्यांचे संग्रहालय लागले. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात देशोदेशींचे पन्नासच्या आसपास रणगाडे उन्हात उभे आहेत. नातवाच्या लेखी चाँदबिबी, नेहरू आणि निजामशाही यांच्या एकत्रित महत्त्वापेक्षा हे महत्त्व मोठे ठरले. वयाचा मान असतो. मी वाद घातला नाही.

दुपारची उन्हे कलल्यावर फराहबागेत गेलो. ज्या जागेसाठी मी हा सारा घाट घातला होता ती ही जागा.

मिकोनोस या गजबजलेल्या बेटापासून बोटीने अर्ध्या तासावर डिलॉस आहे. ग्रीकांचा अपोलो देव इथे जन्मला अशी श्रद्धा. एके काळी तिथे देवळे, बाजार, गुलामांचा व्यापार, सगळे होते. आज राखणदार आणि उत्खनन करणारे सोडले तर कोणी राहत नाही. प्रवाशांनी संध्याकाळच्या आत परतायचे असा नियमच आहे. रिकाम्या रस्त्यांवर सरडे फिरतात, संगमरवरी सिंह समोर बघत बसलेले असतात आणि वारा वाहतो. सगळ्या प्रवासात मला सर्वांत भावले ते डिलॉस.

फराहबाग हे आमचे डिलॉस. मुर्तजा निजामशहाच्या काळात हा महाल एका मोठ्या तळ्याच्या मधोमध बांधला. आधी एकाने बांधला, तो सुलतानाला पसंत पडला नाही म्हणून पाडला आणि मग सलाबतखानाने नव्याने बांधून १५८३ साली पुरा केला. तळे सुमारे दीडशे फूट रुंद, पाणी दूरवरून खापरी नळांनी आणलेले. आता कल्पना करा. पर्जन्यछायेतला आमचा जिल्हा, जिथे आजही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे आहेत. तिथे एका राजाने मुद्दाम तळे खोदून मध्ये बेट केले! ग्रीकांना बेटे देवाने दिली. आमच्या सुलतानांनी ती हौसेने केली. आणि हौस एकट्या फराहबागेवर भागली नाही. सावेडीच्या बाजूला हश्त बिहिश्त बाग म्हणून अष्टकोनी महाल होता, तोही तळ्यातच. हश्त बिहिश्त म्हणजे आठ स्वर्ग.

आज तळ्यात गवत आहे. महाल उभा आहे, उंच कमानी आहेत, मधल्या दालनात बोललेला शब्द वर घुमटापर्यंत जाऊन परत येतो. पण गिलावा ठिकठिकाणी सुटला आहे, आणि जिथे टिकला आहे तिथे कोणी कोणावर प्रेम करतो याची नोंद कोळशाने आणि खिळ्याने केलेली आहे. नातीला नुकतेच वाचता येऊ लागले आहे. तिने ती सारी नावे मोठ्याने वाचून काढली. तिच्या आईला तिला आवरता आवरेना. शेवटी ती म्हणाली, "आजोबा, यांना घरी ओरडत नाहीत का, भिंतीवर लिहिलं तर?"

मुलगा एका कमानीत उभा राहून कोरड्या तळ्याकडे बघत होता. "अण्णा, लहानपणी आम्ही इथे सायकलवर यायचो. तेव्हा हे सगळं एवढं मोठं आहे असं वाटलंच नव्हतं," तो म्हणाला. "लहानपणी मोठी वाटलेली जागा पुढे लहान दिसते म्हणतात. माझं उलटं झालं." मी काही बोललो नाही. डिलॉसच्या गाईडपेक्षा मला यात एक सोय होती; मला गप्प बसता येत होते.

दुसऱ्या दिवशी नेवासे. पॅटमॉस नावाच्या ग्रीक बेटावर एक गुहा आहे. संत जॉन हद्दपार होऊन तिथे राहिला आणि बायबलातला शेवटचा ग्रंथ त्याला तिथे स्फुरला, अशी परंपरा आहे. तो सांगत गेला आणि शिष्य प्रोखोरस लिहीत गेला. डोके टेकण्याची खोबण, उठताना हात टेकण्याची जागा, सगळे दाखवतात. जहाजे भरभरून माणसे येतात आणि गुहेत शिरताच आवाज खाली आणतात.

नेवाशाला प्रवरेकाठी एक साधा दगडी खांब आहे, पैस त्याचे नाव. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. एक टेकून सांगणारा आणि एक लिहून घेणारा! दोन समुद्रांपलीकडे दोन परंपरांनी सारखेच चित्र जपावे याचे मला फार नवल वाटले. सौभाग्यवतीला नवल वाटले नाही. ती खांबापाशी बसली, हात जोडले आणि म्हणाली, "लिहून घेणाऱ्याचे सगळीकडे हालच." चाळीस वर्षे शाळेत कारकुनी केलेल्या बाईचा हा अभिप्राय आहे.

नेवाशाची दुसरीही एक गंमत आहे. १९५४ ते ५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलियांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या टेकाडावर उत्खनन केले. थरांखाली थर निघाले. अश्मयुगीन हत्यारे निघाली, ताम्रपाषाणयुगातली रंगवलेली मडकी निघाली, आणि सातवाहनकाळच्या थरात भूमध्य समुद्राकडून आलेल्या उंच कुंभांचे तुकडे निघाले. अशा दोन कानांच्या कुंभांतून तिकडचा द्राक्षरस जहाजाने येई. म्हणजे आम्ही विमानात बसून ज्या समुद्रावर गेलो, त्या समुद्राकडचे कुंभ दोन हजार वर्षांपूर्वी प्रवरेच्या काठी येऊन फुटले होते! कार्ल्याच्या लेण्यात खांब दान देणारे 'यवन' तर आपल्या नावासकट कोरलेले आहेत. 'यवन' हा शब्दच मुळी आयोनियातल्या ग्रीकांवरून आला. पुढे आपण तो मुसलमानांना लावला, निजामशहालाही लावला. शब्दसुद्धा प्रवासाला निघतात आणि भलत्याच घरी मुक्काम करतात.

याच जिल्ह्यातल्या संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून एका आख्ख्या प्राचीन संस्कृतीला 'जोर्वे' नाव पडले आहे. दायमाबादला १९७४ साली काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. चारांचे मिळून वजन साठ किलोंवर. क्रीटच्या क्नॉसॉसला जितक्या अदबीने लोक जातात त्याच्या चौथाई अदबीने तरी दायमाबादचे नाव घ्यायला हरकत नसावी.

संध्याकाळी परत येऊन सलाबतखानाच्या कबरीवर गेलो. पाथर्डी रस्त्याला, गावापासून दहाबारा किलोमीटरवर डोंगर आहे आणि त्यावर तीन मजली अष्टकोनी इमारत. फराहबाग बांधणारा हाच सलाबतखान. १५८९ साली वारला. लोक मात्र हिला 'चाँदबिबीचा महाल' म्हणतात आणि म्हणत राहणार. गाडी वरपर्यंत जाते म्हणून गुडघेवाल्या मंडळींचीही सोय होते.

वरून सगळे नगर दिसत होते. दिवे लागत होते, दूर कुठे फटाके उडत होते. मुले 'आपलं घर कुठलं?' म्हणून बोटे दाखवीत होती. घर अर्थातच दिसत नव्हते. मला वाटले, बोलायची वेळ हीच. तेवढ्यात सौभाग्यवतीच बोलली. "हे बघा, मला पुण्याला जायचंय. जिना आता मला चढवत नाही. नातवंडं मोठी होताहेत, ती मला रोज बघायची आहेत. तुम्हांला सांगवत नव्हतं, म्हणून ग्रीसहून आल्यापासून गप्प होते."

मंडळी, मी तीन दिवसांची सभा भरवली होती ती मुलाचे मत फिरवण्यासाठी. आणि ठराव मांडला तो घरातूनच! मुलगा खाली मान घालून उभा होता. मग म्हणाला, "अण्णा, घर ठेवू हवं तर. भाड्यानं देऊ." आपल्या आईकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत तो हे बोलत होता. मी त्याला म्हणालो, "नको. घरात माणूस राहायला हवं. विकू." हे म्हणताना आवाज जरा जड झाला असेल, वर वारा फार होता, कोणाला कळले नसावे.

तिसऱ्या दिवशी भंडारदऱ्याला गेलो. त्याचे वर्णन इथे करीत नाही, कारण ते ठिकाण आता पुष्कळांना ठाऊक आहे. प्रवरेवरचे १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण, त्याचा जलाशय, पलीकडे रतनवाडीचे अमृतेश्वराचे कोरीव देऊळ, पाठीशी कळसूबाई. जिल्ह्याला पाणी कुठे ठेवले आहे हे एकदा तिथे जाऊन पाहावे. सँटोरिनी हे बेट ज्वालामुखीच्या कड्यावर वसले आहे, असे तिकडे कौतुकाने सांगतात. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच. फक्त आपण तसे कोणाला सांगत नाही.

आता काकूंच्या वाक्याचा हिशेब. खरे सांगायचे तर आपल्याकडे पाणी तेवढेच नाही असे नाही. आणखीही काही नाही. डिलॉसला तिकीट आहे, प्रत्येक पडक्या भिंतीपाशी फलक आहे, बसायला सावली आहे, स्वच्छ मोरी आहे. तिथल्या खांबावर कोणी नाव कोरलेले नवे दिसत नाही. उलट सँटोरिनीला इतकी गर्दी होते, की ग्रीक सरकारने २०२५ च्या जुलैपासून जहाजांच्या प्रवाशांवर कर बसवला. ऐन हंगामात सँटोरिनी आणि मिकोनोसला उतरायचे तर माणशी वीस युरो. तिथल्या पांढऱ्या घरांच्या दारांवर 'कृपया शांतता राखा' अशा पाट्या आहेत, कारण प्रवासी फोटोसाठी लोकांच्या गच्चीवर चढतात. तसे आमच्या नगरचे व्हावे असे मला वाटत नाही. पण ओसाड पडणे आणि तुडवले जाणे यांच्या मध्येही काहीतरी असेल की! वर्षाला थोडी माणसे आली, दोन दिवस राहिली, नीट पाहून गेली, तर भिंतीवर लिहिणाऱ्याचा हात थोडा तरी अडखळेल. कोणी पाहत नाही, असे वाटले म्हणजेच हात चालतो.

गुढीपाडव्यानंतर आम्ही पुण्याला जाणार. घर बघायला माणसे येऊ लागली आहेत. मुलाने मात्र परतताना एक गोष्ट आपण होऊन ठरवली: दर दिवाळीला तीन दिवस नगर, लॉजमध्ये उतरून, प्रवाशासारखे. नातवाने यादी केली आहे. त्यात या खेपेला राहिलेली दमडी मशीद आहे आणि बागरोझा आहे. तालिकोटच्या लढाईत रामरायाला पकडणाऱ्या गुलामअली हत्तीची कबर तिथे दाखवतात, हे ऐकल्यावर ती यादीत पहिली लागली आहे.

वाचकहो, तुम्हीही या. पुण्याहून नगर सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. किल्ल्यासाठी ओळखपत्र न्या, फराहबागेसाठी पाण्याची बाटली न्या, आणि कोळसा व खिळा तेवढा घरी ठेवा. बाजरीची भाकरी आणि ठेचा कुठेही मिळेल. ग्रीसमध्ये दही गाळून घट्ट केलेला पदार्थ आम्हांला मोठ्या मानाने वाढला, तेव्हा सौभाग्यवती चमचा खाली ठेवून म्हणाली होती, "अहो, हा चक्का आहे!" नगरात असे ओळखीचे काही तुम्हांला सापडले, तर मला कळवा. पत्ता मात्र पाडव्यानंतर पुण्याचा.